बँकेने आईला ओळख विचारली, आईने बँकेला

खाडीपल्याड (धागाकर्ता)

गेल्या मंगळवारी दुपारी, आईचं शब्दकोडं चालू असताना तिला फोन आला. 'नमस्कार मॅडम, बँकेतून बोलतेय. तुमचं केवायसी बाकी आहे. व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख आणि पॅन नंबर सांगाल का?'

आई ७३ वर्षांची. नौपाड्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलं. ती म्हणाली, 'सांगते. आधी तुम्ही बँकेतूनच बोलताय हे मला पटवा.'

'मॅडम, मी माझं नाव सांगितलं ना.'

'नाव काय, मीही सांगेन रिझर्व्ह बँकेची गव्हर्नर बोलतेय म्हणून. माझ्या खात्यात शेवटची रक्कम किती तारखेला जमा झाली ते सांगा. म्हणजे खातं तुमच्यासमोर आहे एवढं तरी कळेल.'

'सॉरी मॅडम, तुमची ओळख पटल्याशिवाय मला ती माहिती देता येत नाही.'

'आणि तुमची पटल्याशिवाय मला.'

असं पाच मिनिटं चाललं म्हणे. शेवटी त्या मुलीने वैतागून फोन ठेवला. आईने संध्याकाळी मला हे विजयी सुरात ऐकवलं, मीही शाबासकी दिली. शुक्रवारी औषधांचे पैसे द्यायला गेली तर व्यवहार होईना. खात्यातून पैसे काढणं बंद. शाखेत विचारलं तेव्हा कळलं, फोन खरा होता. नोंदीत शेरा होता: 'ग्राहकाने सहकार्य केले नाही.'

बँकेचं नाव लिहीत नाही, कारण कुठल्याही बँकेत हे घडलं असतं.

मी ऐरोलीत एका कंपनीत लॉगिनची कामं करतो. कोण आत येतंय, ते तोच आहे का, आणि त्याला काय काय उघडू द्यायचं, यावर माझं पोट चालतं. या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. 'मी अमुक' हा नुसता दावा. तो तपासणं ही दुसरी पायरी. तपासल्यावर कुठलं कपाट उघडायचं ही तिसरी. आमच्याकडे नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात हे घोकायला लावतात. पण त्या शेऱ्यावर विचार करताना लक्षात आलं की आम्ही रोज हे सगळं एकाच बाजूने करतो. दारावरचा माणूस पाहुण्याला तपासतो. पाहुण्याला दार तपासायचं असेल तर?

आईने सहकार्य केलं नाही की बँकेने? जरा चर्चा करू.

---

तळ्यातमळ्यात

काकूंना साष्टांग नमस्कार. त्यांना सायबर सेलमध्ये घ्या.

---

निवृत्त खजिनदार

बँकेत ३६ वर्षं काढली म्हणून दुसरी बाजू मांडतो. केवायसीचं वेळोवेळी नूतनीकरण हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: जास्त जोखमीच्या खात्यांना २ वर्षांनी, मध्यम जोखमीला ८, कमी जोखमीला १०. काहीच बदललं नसेल तर ग्राहकाने नोंदवलेल्या मोबाइलवरून किंवा ईमेलवरून 'बदल नाही' असं कळवलं तरी चालतं. म्हणजे काकूंना मुळात जन्मतारीख सांगायची गरजच नव्हती.

पण त्या पोरीचीही बाजू बघा. तिच्यासमोर एक छापील संवाद असतो आणि दिवसाला इतके फोन असं लक्ष्य. ग्राहकाची खातरजमा केल्याशिवाय खात्यातलं अक्षर उच्चारलं तर नोकरी जाईल. शेवटची जमा तारीख तिने सांगितली नाही ते योग्यच केलं. उद्या काकूंचा फोन दुसऱ्याच्या हातात असता तर?

काकूंनी 'ठीक आहे, मीच शाखेला फोन करते' म्हणून ठेवायला हवा होता.

---

खाडीपल्याड

>> मीच शाखेला फोन करते

अगदी बरोबर, फक्त कुठल्या नंबरवर? पासबुकावर छापलेला लँडलाइन बंद आहे. गूगलवर शोधला तर पहिल्या पानावर काय काय येतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. खोट्या कस्टमर केअर नंबरांवर तर चोरांचं दुकान चालतं. शेवटी मी डेबिट कार्डाच्या मागचा नंबर वापरला. कार्ड बँकेने दिलेलं, माझ्या हातात, त्यावर कुणी मधे हात फिरवू शकत नाही.

आणि जन्मतारखेचं म्हणाल तर ते गुपित कसलं? आईच्या वाढदिवसाला सोसायटीच्या ग्रुपवर केकचा फोटो आणि '७३ नाबाद' असा मजकूर गेला. २१० माणसांना तिची जन्मतारीख माहीत आहे. जे सगळ्यांना माहीत आहे ते सांगून 'मी मीच' हे कसं सिद्ध होणार?

---

कासारवडवलीकर

मी सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्या गेटवर हेच रामायण.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च, 'गॅसच्या पाइपची तपासणी.' वॉचमनने कार्ड बघितलं, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, आत सोडलं. नंतर विचारलं, 'कार्डावर काय बघितलंस?' 'फोटो बघितला साहेब, त्यांचाच होता.' त्यांचाच असणार की! स्टेशनबाहेर कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे फोटो द्या, पंधरा मिनिटांत लॅमिनेट करून देतो. फोटो माणसाशी जुळला, म्हणजे कार्ड त्याचं आहे. कार्ड कंपनीचं आहे हे कुणी तपासलं?

सुदैवाने माणूस खरा निघाला. तेव्हापासून नियम केला की बिलावर जो नंबर छापलाय त्यावर वॉचमनच्या केबिनमधून फोन करायचा. पाहुण्याने दिलेल्या नंबरवर नाही, कारण त्याने दिलेला नंबर त्याचाच मेव्हणा उचलणार. पहिल्या आठवड्यात चार जणांनी शिव्या घातल्या. आता सवय झाली.

भाडेकरूंचं मात्र वाईट आहे. ऑफिसात दोन कपाटं भरून आधारच्या झेरॉक्स. त्या कशाला ठेवल्यात मला माहीत नाही, आधीच्या सेक्रेटरीलाही माहीत नव्हतं.

---

चेकडिजिट

सेक्रेटरीसाहेब, त्या झेरॉक्स ही जोखीम आहे, पुरावा नाही. झेरॉक्सवरून फक्त एवढंच कळतं की कुणीतरी एक कागद यंत्रात घातला.

यात पायऱ्या आहेत. एकेक चढून बघू.

सगळ्यात खाली: आकडा नीट दिसतो का? आधारचे १२ आकडे, पहिला कधी ० किंवा १ नसतो. शेवटचा आकडा आधीच्या ११ वरून काढलेला असतो, त्यासाठी व्हेर्होफ या डच गणितज्ञाची १९६९ सालची पद्धत वापरतात. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर ती हमखास पकडते. काकूंना आवडेल हे गणित. पण ती चूक पकडायला केलेली आहे, लबाडी पकडायला नाही. डोळे मिटून १२ आकडे खरडले तरी शेवटचा दहात एकदा बरोबर बसणारच. पॅनचंही तसंच: चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी', आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. आमच्या भाड्याच्या दलालाने एकदा 'देशपांडे' नावाच्या माणसाचा पॅन दाखवला, त्यात पाचवं अक्षर 'के' होतं. तिथेच चहा संपवून उठलो.

दुसरी पायरी: हा आकडा खरंच कुणाला दिलाय का? हे आकड्याकडे बघून कळत नाही, देणाऱ्यालाच विचारावं लागतं.

तिसरी: दिला असेल, पण तो या समोरच्या माणसाचा आहे का? इथे ओटीपी, बोटाचा ठसा, चेहरा येतात.

आपल्याकडची बहुतेक मंडळी पहिल्या पायरीवर बसून तिसरी चढल्याचं समाधान मानतात.

झेरॉक्सपेक्षा सोपं काम सांगतो. आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असतं आणि त्या सगळ्या मजकुरावर यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेची, डिजिटल सही असते. त्यांच्याच ॲपने स्कॅन केलं की सही तपासली जाते. कार्डावरचा पत्ता कुणी संगणकावर बदलला तरी कोडातला बदलता येत नाही, बदलला तर सही मोडते. स्कॅन करा, फोटो माणसाशी ताडून बघा, रजिस्टरमध्ये 'तपासले' लिहा आणि कागद परत द्या. द्यायचाच असेल तर मास्क केलेला द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

---

बखरीवाला

डिजिटल सही म्हणजे आपलं शिक्कामोर्तब हो. हा शब्द आपण 'पक्कं झालं' अशा अर्थाने उडवतो, पण मुळात ते दोन वेगळे ठसे. शिक्का पत्राच्या वरच्या भागात, पत्र कुणाचं ते सांगायला. मोर्तब मजकूर संपतो तिथे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा ठसा दिसतो. मजकूर इथे संपला. याच्या खाली कुणी एक ओळ जरी घुसडली तरी ती पत्राबाहेरची. चेकडिजिट म्हणतात त्या क्यूआरच्या सहीचं कामही हेच की पाठवणारा कोण ते कळावं आणि मधे काही घुसडलं नाही हेही कळावं.

आणि ओळखीचा दावा म्हटल्यावर तोतया कसा विसरणार? १७६१ला पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक जण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. चेहरेपट्टी जुळत होती, ऐकीव माहिती भरपूर होती. कोकणात त्याच्यामागे फौज जमली. १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला तेव्हा प्रकरण मिटलं. काकूंच्या जन्मतारखेसारखंच ते: भाऊंच्या गोष्टी छावणीतल्या शेकडो लोकांना माहीत होत्या. माहिती असणं म्हणजे माणूस तोच असणं नव्हे.

---

तळ्यातमळ्यात

धागा ठाण्याहून पानिपतावर गेला. आता अब्दालीचं केवायसी येऊ द्या.

---

सीवूड्सवाली

मला उलटी तक्रार आहे. तुम्ही सगळे खोट्या माणसाला आत येऊ न देण्याबद्दल बोलताय. खऱ्या माणसाला बाहेर ठेवतात त्याचं काय?

सासरे ८४ वर्षांचे. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले, बोटांच्या रेषा जवळजवळ गेल्यात. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. डिजिटल दाखला २०१४ पासून आहे, घरबसल्या होतो हे खरं, पण त्यांचा अंगठा यंत्र ओळखेचना. एक बोट, दुसरं बोट, हात पुसा, तेल लावा, पुन्हा. ऑपरेटर मुलगा बिचारा नम्रपणे म्हणाला, 'आजोबा, मॅच होत नाही.' सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, 'मी नाहीये म्हणतोय तो.'

मी तेव्हा हसले. रात्री झोप नाही लागली.

आता चेहऱ्यावरून करतात, ते झालं एका मिनिटात. पण मधली दोन वर्षं दर वेळी त्यांना वाशीला नेऊन प्रत्यक्ष उभं करावं लागलं.

---

चेकडिजिट

ताई, याला टाळता येत नाही असं नाही, पण फुकटात टळत नाही. ठसा काय किंवा चेहरा काय, यंत्र कधीच 'तोच' म्हणत नाही. ते 'इतका जुळतो' म्हणतं आणि रेघ कुठे ओढायची ते कुणीतरी माणसाने ठरवलेलं असतं. रेघ वर नेली की खोटा माणूस अडतो पण खराही अडायला लागतो. खाली आणली की उलट. तुमच्या सासऱ्यांसाठी रेघ हलवायची नसते, दुसरं दार ठेवायचं असतं. ते दार नसणं हा दोष ते यंत्र बसवणाऱ्याचा, बोटांचा नाही.

शिवाय ठसा हे गुपितही नव्हे. आपण तो चहाच्या कपावर ठेवून येतो. आधारच्या ठशावरून पैसे काढायच्या सोयीत नोंदणीच्या कागदांवरचे ठसे सिलिकॉनवर उतरवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे झालेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, ती वापरा. लागेल तेव्हा तात्पुरती उघडता येते.

---

उगाचकाहीतरी

एवढा काथ्याकूट कशाला? ओटीपी आहे ना. बँकेने काकूंना ओटीपी पाठवायचा, काकूंनी सांगायचा, झालं.

---

खाडीपल्याड

इथेच तर मेख आहे! ओटीपीने बँकेला कळतं की हे सिमकार्ड आईकडे आहे. बँक खरी आहे हे आईला कुठे कळतं? चोर आईला फोन लावतो, त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत तिच्या खात्यात शिरायचा प्रयत्न करतो. बँक आईला खराखुरा ओटीपी पाठवते. एसएमएस खरा, आकडा खरा, फोनवरचा माणूस तेवढा खोटा. आईने आकडा सांगितला की दोन्ही टोकं जुळली आणि मधला पैसे घेऊन गेला.

कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी तपासणी रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सक्तीची केली, त्याचा फायदा झालाच. पण ती तपासणी एकेरी आहे.

संगणकांनी आपसात हे कधीच सोडवलंय. पासकी घ्या, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेली लॉगिनची किल्ली. आपला फोन आधी बघतो की समोरच्या वेबसाइटचा पत्ता तोच आहे का ज्याच्यासाठी ही किल्ली बनवली. एका अक्षराचा फरक असला तरी किल्ली बाहेरच काढत नाही. माणसाने डोळे फाडून स्पेलिंग वाचायची गरज नाही, ते काम यंत्र करतं. पत्त्यांचंही बरं झालं, रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' वर जायला लावलं. फोनवरच्या आवाजाला मात्र असला पत्ताच नाही.

---

निवृत्त खजिनदार

आहे की. बँका, विमा कंपन्या यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठेवली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी 'बँकेतून' म्हणालं तर ठेवून द्यायचा.

आणि दुसरं, ग्राहकानेही बँकेबरोबर एखादा परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. फोन करणाऱ्याने तो आधी सांगायचा. किल्ल्याच्या दरवाजावर चालायचं तसं.

---

चेकडिजिट

परवलीचा शब्द करून बघितलाय, खजिनदारसाहेब. बँक ऑफ अमेरिकाने २००५ मध्ये असंच आणलं होतं. ग्राहकाने एक चित्र निवडून ठेवायचं, लॉगिनच्या पानावर ते चित्र दिसलं तरच पासवर्ड टाकायचा. म्हणजे बँकेने आधी स्वतःची ओळख द्यायची, काकूंना हवं तसं. २००७ च्या एका अभ्यासात संशोधकांनी मुद्दाम ते चित्र काढून टाकलं. स्वतःचं खातं वापरणाऱ्या २५ पैकी २३ जणांनी तरीही पासवर्ड टाकला. २०१५ मध्ये ते गुंडाळलं.

हजारातली एखादी काकू चित्र नाही म्हणून थांबते. बाकीचे आपण 'आज लोड झालं नसेल' म्हणून पुढे जातो.

---

सीवूड्सवाली

त्या दोघांतली एक नक्की शिक्षिका असणार.

---

कासारवडवलीकर

मग फोनवर इलाजच नाही म्हणायचं का? आमच्या मजल्यावरच्या एका आजींना 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांनी सहा तास व्हिडिओ कॉलवर बसवलं होतं. पोलिसांचा गणवेश, मागे बोधचिन्ह, सगळा थाट. मोलकरीण आली म्हणून वाचल्या. गणवेश बघितला, पुढे काही विचारायचं सुचलंच नाही म्हणाल्या. असली अटक कायद्यात नाही हे त्यांना नंतर सांगितलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे गेले नव्हते म्हणून बरं.

---

खाडीपल्याड

इलाज आहे, आणि तो तुमच्या वॉचमनच्या केबिनमधलाच आहे. समोरच्याने आणलेल्या पुराव्यावर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या धाग्याने तपासायचं. ब्रिटनमधल्या मोन्झो बँकेने २०२३ मध्ये हे ॲपमध्ये घातलं. बँकेतून फोन आला की ग्राहकाने स्वतः ॲप उघडायचं, तिथे 'आत्ता आमचा माणूस तुमच्याशी बोलतोय' किंवा 'बोलत नाहीये' असं दिसतं. फोनवर काही पटवायची गरजच उरत नाही. त्या मुलीला आईच्या खात्यातलं अक्षर उच्चारावं लागलं नसतं आणि आईला जन्मतारीख.

आपल्या बँकांच्या ॲपमध्ये कर्जाच्या जाहिराती दाखवायला तीन पट्ट्या असतात. चौथी एक ही घालायला हरकत नव्हती.

---

निवृत्त खजिनदार

हे मात्र मान्य. जाहिरातींचंही. शेवटी खातं सुरू झालं का?

---

खाडीपल्याड

झालं. सोमवारी तीन हात नाक्यावरून रिक्षा करून शाखेत गेलो. तिथे नवीन अडचण: सही जुळेना. बँकेकडे आईची १९८९ ची सही, ठसठशीत, फळ्यावर लिहिल्यासारखी. आता तिचा हात थरथरतो. तीनदा केली, तिन्ही वेगळ्या. आई त्या अधिकाऱ्याला म्हणाली, 'ही बाई मीच होते, पण आता तिच्यासारखी सही मला येत नाही.' माणूस चांगला होता. आधार, पॅन बघितलं, ओटीपी घेतला, नवी सही नोंदवली, आणि फॉर्मवर 'व्यक्तिशः ओळखले' असं हाताने लिहून खाली स्वतःची सही ठोकली. सीवूड्सवाली, हे तुमचं दुसरं दार.

निघताना आईने विचारलं, 'पुढच्या वेळी तुमचा फोन आला तर तुम्हीच ते मला कसं कळणार?' तो जरा गडबडला. मग पासबुकाच्या आतल्या पानावर शाखेचा चालू असलेला नंबर पेनाने लिहून दिला, खाली बँकेचा शिक्का मारला.

घरी आल्याआल्या आईने तो लावून बघितला, नंबर बरोबर आहे ना म्हणून. पलीकडून पहिला प्रश्न आला, 'मॅडम, व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगाल का?'

आईने लगेच सांगितली. मी बघतच राहिलो, तर फोनवर हात ठेवून म्हणते, 'आता मी लावलाय ना.'

---

बखरीवाला

मोर्तब.